गुडघ्याखालचा ससा

वेरूळला सहलीस गेलेली आपली मुले कैलास लेणे पाहून थक्क होऊन परततात. याच डोंगरातील एका लेण्यात तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी दहा महिने मुक्काम केला होता, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते. हा मुक्काम आज आपल्याला ठाऊक आहे तो म्हाइंभट नावाच्या एका विद्वानाच्या चिकाटीमुळे. पैठण, वेरूळ आणि गोदाकाठची कितीतरी खेडी ज्याच्या पानापानांवर वावरतात, तो ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ त्यांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केला.

स्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी शिष्यांच्या ओठांवर होत्या. म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांकडून त्या ऐकल्या आणि एवढ्यावर समाधान न मानता, ज्यांच्यासमोर प्रसंग घडले त्या माणसांना गावोगाव गाठून विचारले. म्हणूनच या ग्रंथात केवळ उपदेश नाही. स्वामी कोणत्या देवळात उतरले, कोठे बसले, जेवण काय झाले, सोबत कोण होते, वाटेत कोण भेटले, हे सारे आहे. आरोगणा, व्याळी, पहुड, उपहुड हे शब्द इतक्या वेळा येतात की घाईने वाचणारा कंटाळावा. पण तो कंटाळा सोसावा, कारण त्यातूनच एका माणसाचा दिवस आपल्यापुढे उभा राहतो.

एक लीळा पाहा. शिकाऱ्यांची कुत्री मागे लागलेला ससा धावत येतो आणि बसलेल्या स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. शिकारी येऊन तो मागतात. तो पैजेचा ससा आहे, असे त्यांचे म्हणणे. स्वामी त्यांची समजूत घालतात. ते निघून गेल्यावर स्वामी गुडघा उचलतात आणि थोरामोठ्यांशी बोलावे तशा आदराने सशाला जायला सांगतात. ‘स्वामींना प्राणिमात्रांविषयी दया होती’ असे एक वाक्य लिहूनही म्हाइंभटांचे काम भागले असते. ते वाक्य खरे ठरले असते आणि सात शतकांत विसरलेही गेले असते. गुडघा, पैज आणि आदराचे संबोधन या तीन बारकाव्यांनी मात्र तो ससा आजतागायत जिवंत ठेवला आहे.

तपशील म्हणजे अलंकार, असा आपल्या शाळेतील निबंधलेखनाने एक गैरसमज करून दिला आहे. सूर्य उगवला की किरणे सोनेरी झालीच पाहिजेत! म्हाइंभटांचा तपशील या जातीचा नव्हे. तो विचारून मिळवलेला आहे. एकाच प्रसंगाविषयी दोघांची आठवण निराळी असेल, तर दोन्ही पाठ या परंपरेने जपून ठेवले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. निव्वळ उपदेश असता तर त्याचे शब्द बदलले असते; ससा मात्र गुडघ्याखालीच राहिला.

शुभवर्तमानाच्या वाचकांना ही रीत अपरिचित वाटू नये. वादळात येशू नावेच्या मागील भागात झोपी गेला होता हे खरे, पण त्याच्या डोक्याखाली उशी होती हे एकटा संत मार्क सांगतो. पाच हजार लोक ज्या गवतावर बसले ते हिरवे होते, हेही तोच सांगतो. संत पेत्राला जे आठवले ते मार्काने लिहून ठेवले, असे दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे बिशप पापियास म्हणतात. उशी पाहिलेला कोणीतरी मार्काला भेटला होता, असे मला वाटते.

आपल्या मराठीत ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही मुळात डोळसपणे पाहणारे गृहस्थ. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढच्याच महिन्यात त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहिले. उडणारे मासे, हिरड्या सुजवणारा रोग, दीडशेहून अधिक आजारी आणि सत्तावीस मृत, किनारा जवळ आल्याची खूण म्हणून पाण्यावर दिसलेले साप आणि तरंगत्या फांद्या, असे सारे त्यात आहे. अशी नजर असलेल्या माणसाने पुढे १६१६ साली राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. पुराणे ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना कोरडी प्रश्नोत्तरे पुरणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. गोव्यात आणि कानडा किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे मोठ्याने वाचन होत राहिले.

आता थोडे आपल्या घराकडे. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, पण वैजापूर तालुक्यातील घोगरगावसारख्या ठिकाणची श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका मी आवडीने वाचतो. त्यांत कोनशिलेच्या तारखा असतात, धर्मगुरूंची यादी असते, देणगीदारांची छायाचित्रे असतात. १८९९-१९०० च्या दुष्काळात आपल्या पणजोबांच्या घरी चुलीवर काय शिजत होते, परदेशी फादरांची मराठी ऐकून गावातली पोरे हसत होती का, बाप्तिस्म्याच्या दिवशी कोणते शेजारी आले आणि कोणी दार लावून घेतले, पहिली मिस्सा कोणाच्या ओसरीवर झाली, यांविषयी मात्र एक ओळ सापडत नाही. ज्यांनी हे आपल्या आजीकडून ऐकले, अशी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्यांतली काही नव्वदीला टेकली आहेत, आणि त्यांना दुपारी जरा बरे ऐकू येते.