गूढलेखनाचा परवाना

गुप्त लिपी हें राजसत्तेचें शस्त्र आहे, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकन सरकारनें ती अक्षरशः खरी मानिली. त्या देशाच्या युद्धसामग्रीच्या निर्यात-यादींत तोफांच्या जोडीला गूढलेखनाचीं साधनेंहि होतीं. 1992 सालीं बर्कली येथील डॅनियल बर्नस्टाइन या गणिताच्या विद्यार्थ्यानें ‘स्नफल’ नांवाची स्वतः रचलेली संगणक-आज्ञावली प्रसिद्ध करण्यापूर्वीं सरकारास विचारलें, तेव्हां ती यादींत मोडते, म्हणून परवाना घ्यावा, असें उत्तर मिळालें. 1995 त त्यानें सरकारवर दावा लावला.

दुसऱ्या एका प्रकरणांत तर मोठी मौज झाली. गूढलेखनावरील एक ग्रंथ परदेशीं धाडण्यास सरकारनें 1994 त मोकळीक दिली. परंतु त्याच ग्रंथांत छापलेल्या आज्ञावल्या तबकडीवर उतरविल्या असतां परवानगी नाकारली. कागदावरील ओळी विद्या ठरल्या आणि तबकडीवरील त्याच ओळी दारूगोळा!

बर्नस्टाइनच्या वकिलांचें म्हणणें सरळ होतें: आज्ञावली ही एका भाषेंत केलेलें लेखन आहे, आणि लेखनास आगाऊ परवाना मागणें म्हणजे पूर्वनियंत्रण होय. न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनीं 1996 त हें मान्य केलें. 1999 च्या मे महिन्यांत अपील-न्यायालयानेंहि बहुमतानें तसाच कौल दिला. पुढें फेरसुनावणीसाठीं तो निकाल मागें घेतला गेला आणि जानेवारी 2000 मध्यें सरकारनें निर्बंधच बव्हंशीं सैल केले. तात्पर्य, अंतिम निर्णयावांचूनच सरकारनें माघार घेतली.

आमच्याकडील वाचकास हा वाद परका वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या उच्च न्यायालयांत आज्ञावलीविषयीं नसला तरी पूर्वपरवान्याविषयींचा असाच झगडा वीस वर्षें आधीं झाला होता, आणि माझ्या मतें तो अधिक कठीण होता. 25 जून 1975 रोजीं आणीबाणी पुकारली गेली व दुसऱ्याच दिवशीं वृत्तपत्रांच्या पूर्वतपासणीचा हुकूम निघाला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या इंग्रजी मासिकांतील अकरा मजकूर नियंत्रकानें नाकारले. मासिक लहान, वाचक मोजके. दुसरा एखादा संपादक मुकाट्यानें कोरी जागा सोडून मोकळा झाला असता. मसानींनीं न्यायालय गांठलें.

अडचण अशी कीं, बर्नस्टाइनच्या पाठीशीं त्याच्या देशाची घटना उभी होती. मसानींचें तें कवच, म्हणजे आमच्या घटनेचें कलम 19, आणीबाणीनें काढून घेतलें होतें. मग न्यायालयानें पाहावयाचें तें काय? न्यायमूर्ती मादन व कानिया यांनीं फेब्रुवारी 1976 मध्यें दिलेल्या निकालाचें मर्म येथेंच आहे. मूलभूत हक्क बाजूस ठेवला तरी नियंत्रक हा स्वतःच्या हुकुमाचा व नियमांचा बांधलेला असतो. नियमांनीं सांगितलेल्या हेतूंपलीकडे जाऊन केवळ सरकारास अप्रिय म्हणून मजकूर दडपण्याचा, सर्व पत्रांस एकाच सुरांत बोलावयास लावण्याचा अधिकार त्यास नाहीं. शासनाचें अपील निष्फळ झालें. दोनच महिन्यांनीं सर्वोच्च न्यायालयानें स्थानबद्धांच्या प्रकरणांत कोणती भूमिका घेतली हें आठवलें, म्हणजे या निकालाची किंमत कळते.

आज गूढलेखन सेनापतींचें राहिलेलें नाहीं. कळव्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभ्याउभ्यां पैसे पाठविणारा माझा विद्यार्थी तें दिवसांतून दहा वेळां नकळत वापरतो. तरीहि सप्टेंबर 2015 मध्यें केंद्र सरकारच्या मसुद्यांत, गूढ केलेल्या मजकुराची मूळ प्रत नागरिकांनींहि 90 दिवस जपून ठेवावी व मागितल्यास दाखवावी, अशी अपेक्षा होती. लोकांनीं एवढा गिल्ला केला कीं मसुदा कांहीं दिवसांतच मागें घेतला गेला. त्यामुळें त्याची कसोटी न्यायासनापुढें लागलीच नाहीं.