सात हाली, सहा कलदार

धाराशिवचा एखादा शेतकरी १९४० च्या सुमारास बार्शीच्या बाजाराला निघाला म्हणजे घरातून पाऊल टाकतानाच त्याच्यापुढे त्रैराशिकाचे एक उदाहरण उभे राही. धाराशिव निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार. सरकारी दर असा होता की, १०० कलदार रुपयांस ११६ हाली रुपये १० आणे ८ पै. हा आकडा पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. सात हालींस सहा कलदार, एवढाच त्याचा अर्थ. मग एका हालीचे कलदारात किती? तेरा आणे आणि साडेआठ पै, वर थोडेसे काही. प्रत्यक्षात सराफ त्यातून आपली कसर काढून घेणारच. म्हणून तर हिशेब आपल्या डोक्यात आधीच झालेला असावा लागे. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसेही तो बोटांच्या पेऱ्यांवर करीत.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा जर सरकारी शाळेत वरच्या वर्गापर्यंत पोहोचला असेल, तर तो तेथे 'निस्बत' आणि 'तनासुब' घोकीत असे. निस्बत म्हणजे गुणोत्तर आणि तनासुब म्हणजे प्रमाण. बापाने बाजारात केलेले आणि मुलाने वर्गात घोकलेले गणित एकच होते; पण ते एकच आहे हे दोघांपैकी एकालाही कोणी सांगितले नाही. आपल्या जिल्ह्यातील गणिताच्या शिक्षणाचा इतिहास मला ह्या एका फटीचा इतिहास वाटतो. आज आपल्यापुढे तोच मांडावयाचा आहे.

ही फट पूर्वीपासूनच होती असे मात्र नाही. आपल्या शेजारी, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मळखेड हे गाव आहे. ते राष्ट्रकूटांचे मान्यखेट. तेथे राज्य करणाऱ्या अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' रचला. हे राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवीत. तेव्हा तो ग्रंथ आपल्याच मुलखातला म्हणावयास हरकत नाही. त्यातील उदाहरणांत फळे आहेत, सोन्याचा कस आहे, व्याज आहे, व्यापारातील भागीदारांची वाटणी आहे. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली, आणि त्यांच्या सिद्धान्ताच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढल्याचा शिलालेख आजही तेथे आहे. पंडितांचे गणितसुद्धा बाजारात उतरून उदाहरणे वेचीत असे, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे.

पंतोजीच्या शाळेत तर बाजारच शिरलेला होता. धूळपाटीवर बोटाने आकडा काढावयाचा, पुसावयाचा, पुन्हा काढावयाचा; आणि संध्याकाळी एका सुरात उजळणी म्हणावयाची. पाढे संपले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. तुळजापूरच्या जिल्ह्यात साडेतीन समजावून सांगण्याची गरजच नव्हती. साडेतीन पीठे पोराला अपूर्णांकाच्या आधी ठाऊक असत. ज्वारी रुपयास साडेतीन शेर, तर पाच रुपयांची किती? औटकी म्हटलेला मुलगा लगेच सांगे, साडेसतरा.

अडीचकी कशासाठी, हे मला फार दिवस उलगडत नव्हते. दीड, पाव, पाऊण समजू शकते. हे अडीच मध्येच कोठून आले? मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळीसास सोळांनी भागा, अडीच येतात. म्हणजे मणास जितके रुपये, अडीच शेरास तितके आणे. गुळाचा भाव मणास बारा रुपये असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांस. कागद नको, पेन्सिल नको. ही गोष्ट कळल्यावर त्या पाठांतराकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली. ते आंधळे पाठांतर नव्हते. दुकानातल्या तराजूला बांधलेले पाठांतर होते.

तथापि ह्या शाळेची आरती ओवाळण्याची माझी इच्छा नाही. तेथे छडी होती. मुलींना तेथे जागा नव्हती, आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना तर ओटीवर चढण्याची मुभा नव्हती. ज्याची ज्वारी मोजली जाई त्याला औटकी येत नसे; जो मोजून घेई त्याला येई. मापात चिपट्या-मापट्याचा फरक पडला तर तो कोणाच्या बाजूने पडत असेल हे सांगावयास नको. पुन्हा पायली सर्वत्र चार शेरांची असली तरी मण कोठे बारा पायल्यांचा तर कोठे सोळांचा. गणित न येण्याची किंमत ह्या जिल्ह्यात लोकांनी धान्यात मोजली आहे.

निजामाच्या राज्यात नव्या पद्धतीच्या शाळा आल्या, त्यांचे दर्जे तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया असे. वरचे शिक्षण उर्दूतून. हैदराबादेस १९१७ साली भाषांतराचे खाते निघाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ. उच्च गणित एका देशी भाषेतून शिकविण्याचा तो मोठा उद्योग होता, आणि त्याची थोरवी आपण नाकारू नये. परंतु ती देशी भाषा उस्मानाबादच्या मुलाची नव्हती. घरी गुणाकार, शाळेत 'जर्ब'. घरी त्रिकोण, शाळेत 'मुसल्लस'. येथे एक गंमत आहे. आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो ते बेरीज आणि वजाबाकी हे शब्दही फारसी-अरबीतूनच आलेले. म्हणजे अडचण परक्या शब्दाची नव्हती. बेरीज हा शब्द कुळकर्ण्याच्या दप्तरातून, व्यवहाराच्या वाटेने, चारशे वर्षे वापरून घरात आला. 'मुसल्लस' परीक्षेच्या वाटेने आला आणि परीक्षेबरोबर गेला. सनांचीही तीच तऱ्हा. सरकारी साल फसली, महिने दै, बहमन असे इराणी नावांचे. फसलीत ५९० मिळवा म्हणजे इसवी सन. पण जानेवारी उजाडला की ५९१ मिळवा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा सरकारी दप्तरात १३५७ साल चालू होते.

ह्या काळात आपल्या जिल्ह्यात एक वेगळा प्रयत्न झाला त्याचे स्मरण केले पाहिजे. १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. खानगी शाळेला सरकारी परवानगीचा जाच असतानाही मराठीतून शिकविणारी ही शाळा चालली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. तिचे नाव आपण स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात घेतो. ते योग्यच, पण मुलाला त्याच्या भाषेत हिशेब शिकविणे हाही त्या लढ्याचाच भाग होता.

मग बदल एकामागून एक आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. आण्याचे सव्वासहा पैसे होत. सव्वासहाचे नाणे पाडता येत नाही. म्हणून एक आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस असा कोष्टक ठरला. ज्यांची वये आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांना ते दुकानांतील वाद आठवत असतील. १९५८ ते १९६२ च्या दरम्यान शेर जाऊन किलो आला. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोहून थोडा उणा. हाली सिक्काही १९५९ पर्यंत संपला. दशमान पद्धती चांगली, ह्याबद्दल वाद नाही. गावोगावच्या मणाचा घोळ तिने मिटविला. पण अडीचकीचा आधारच गेल्यामुळे ती शाळेतून गेली, आणि तिच्या जागी नव्या तराजूला बांधलेले असे काही आपण मुलांना दिले नाही. पुस्तक बदलले, बाजार बदलला, दोघांमधली फट तशीच राहिली.

भाषेचा प्रश्नही संपला नव्हता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांचे म्हणणे साधे होते. मूल 'त्रेसष्ट' ऐकते तेव्हा तीन आधी ऐकते आणि सहा आधी लिहावयाचे असतात. म्हणून ते छत्तीस लिहून बसते. शिवाय जोडाक्षरांचा जाच वेगळाच. जुनी नावे काढून टाकावीत असे त्यांनी म्हटले नव्हते. मराठी बुडाली अशी हाकाटी करणाऱ्यांनी आपल्या उमरग्याकडे पाहावयास हवे होते. सीमेवरच्या गावांत घरी कानडी बोलणारी मुले एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. त्यांना ती नवी रीत घरचीच होती. नवे होते ते एकवीस. नव्याण्णव आणि एकोणऐंशी हे शब्द मला प्रिय आहेत, ते गेलेले मला आवडणार नाहीत. पण मुलाला आधी दशक-एकक कळू द्यावे आणि मग एकोणऐंशीची गोडी लावावी, ह्यात भाषेचा अपमान कसला?

आता साधनांविषयी. शिक्षक विचारतात, वर्गात साधने नाहीत, काय करावे? मी त्यांना सातबाराचा उतारा आणावयास सांगतो. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेले असते, आणि त्याच जमिनीचा मालक ते एकर-गुंठ्यात सांगतो. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांबीच्या साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोघांत फरक थोडा, पण एकरावर तो साठतो आणि एकराचे साडेचाळीस आर होतात. सातवीतल्या मुलीने घरच्या उताऱ्यावर हे करून पाहावे. कदाचित भाऊबंदकीच्या एखाद्या भांडणात तिचाच हिशेब बरोबर निघेल.

आणि पावसाळ्यात शाळेच्या अंगणात एक सरळ बुडाचे, सरळ काठाचे भांडे ठेवावे. आपल्या दुष्काळी तालुक्यांत दहा मिलिमीटर पाऊस झाला ही बातमी असते. एका गुंठ्यावर दहा मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हे मुलांना काढावयास सांगावे. उत्तर हजार लिटरच्या थोडे वर येते. ते ऐकले की मुले आपण होऊन विचारतात, मग आपल्या पत्र्यावरचे किती?