खोल पाण्यातले शब्द : 'द ओशन' या जर्मन वाद्यवृंदाविषयी

साहित्य आणि संगीत यांच्या संबंधांवर वर्गात बोलताना आपण मराठीचे अध्यापक बहुधा एका गृहीतकापाशी येऊन थांबतो. शब्द स्पष्ट ऐकू यावेत आणि सुराने त्यांचा अर्थ उजळावा, हे ते गृहीतक. नाट्यपद आणि भावगीत यांवर वाढलेल्या कानांना ते स्वाभाविकच वाटते. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासानंतर एका विद्यार्थ्याने एक छोटी पुस्तिका माझ्या हातात ठेवली. एका जर्मन मेटल वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेसोबतची ती पुस्तिका होती. तीन गीतांचे सामाईक शीर्षक होते 'द ग्रँड इन्क्विझिटर'. पहिल्याच्या उपशीर्षकात करामाझोव्हच्या नीचपणाचा उल्लेख, तर दुसऱ्याच्या उपशीर्षकात कंदमुळे आणि टोळ. दोस्तोयेव्हस्कीची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना आठवेल की वृद्ध धर्माधिकारी आपल्या कैद्याला सांगतो, मीही अरण्यात राहिलो आहे, मीही कंदमुळे आणि टोळ खाऊन दिवस काढले आहेत. म्हणजे कोणीतरी ते प्रकरण नीट वाचले होते. उत्सुकतेने ध्वनिमुद्रिका लावली आणि पहिल्या ऐकण्यात जेमतेम चार-दोन शब्द हाती लागले. बाकी सारा गिटारांचा गडगडाट आणि घशाच्या तळातून आलेली गर्जना. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला मी विचारले, ऐकूच येणार नसतील तर एवढे नेमके शब्द निवडायचे कशाला? त्याच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नामागे केलेल्या श्रवणाचा वृत्तांत आहे.

'द ओशन' हा वाद्यवृंद 2000 साली बर्लिनमध्ये उभा राहिला. त्याचा कर्ता गिटारवादक रॉबिन स्टाप्स. एका जुन्या ॲल्युमिनियम कारखान्याचे तळघर त्याने भाड्याने घेतले, तिथेच तालीम आणि ध्वनिमुद्रण सुरू केले आणि त्या जागेला 'ओशनलँड' असे नाव दिले. सुरुवातीच्या वर्षांत वादक आणि गायक येत राहिले, जात राहिले. म्हणूनच 'द ओशन कलेक्टिव्ह' असेही नाव रूढ झाले. समूह म्हणावा तर संगीत आणि संहिता मुख्यत्वे एकट्या स्टाप्सची, आणि एकट्याचे काम म्हणावे तर प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर डझनभर वेगवेगळे आवाज. आपल्याकडच्या नाटकमंडळीचा मालक, लेखक आणि तालीममास्तर एकच असावा आणि नट मात्र हंगामागणिक बदलावेत, तसा काहीसा हा संसार आहे.

जर्मनीत या संगीताला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. 1970 च्या आसपास 'कान', 'टँजरिन ड्रीम', 'पोपोल वुह' यांनी रॉकच्या ठरीव गीतबंधाला सुरुंग लावला होता. 1980 च्या दशकात 'मेकाँग डेल्टा' आणि म्युनिकचे 'सीजेस ईव्हन' यांनी मेटलमध्ये विषम मात्रांची आवर्तने आणि गुंतागुंतीची रचना आणली, पुढे कायझरस्लाउटर्नच्या 'व्हांडेन प्लास'ने नाट्यमय मांडणी आणली. परंतु स्टाप्सच्या संगीताचा वंश या घराण्याशी थेट जुळत नाही. वादनकौशल्याचे प्रदर्शन, लांबलचक एकल गिटारवादन, हे प्रोग्रेसिव्ह मेटलचे ओळखीचे अलंकार त्याच्याकडे फारसे आढळत नाहीत. खाली उतरवलेल्या जड गिटारी, एकावर एक चढत जाणारे थर, मध्येच सगळे थांबून उरलेला पियानो किंवा चेलो, आणि मग पुन्हा तो भार, असा त्याचा बाज आहे. अमेरिकेतील 'न्यूरोसिस' आणि 'आयसिस' यांनी रुळवलेल्या संथ, थरांच्या मेटलशी त्याचे नाते अधिक जवळचे. विषम मात्रा आहेत, पण त्या मोजायला लावत नाहीत. पायाखालची जमीन किंचित सरकल्यासारखे वाटते इतकेच.

'फ्लक्झिऑन' (2004) आणि 'इओलियन' (2006) या दोन ध्वनिमुद्रिका मुळात एकाच ध्वनिमुद्रणसत्रातल्या. पहिलीत वाद्यवृंदाचा भरणा मोठा, दुसरी कोरडी आणि रखरखीत. त्यांवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. खरी सुरुवात होते ती 'प्रीकँब्रियन' (2007) या जोडमुद्रिकेपासून.

पृथ्वीचे वय सुमारे 460 कोटी वर्षे. त्यांपैकी जवळजवळ 88 टक्के काळ कँब्रियनपूर्व आहे. त्या काळात खडक वितळले, थिजले, समुद्र झाले, सूक्ष्मजीव आले. ज्याला पाहणारे डोळे म्हणता येतील असे काहीच नव्हते. स्टाप्सने गीतांना नावे दिली ती या कालखंडांची : हेडियन, इओआर्कियन, सिडेरियन, क्रायोजेनियन. पहिली तबकडी वीस-बावीस मिनिटांची, दाट आणि हिंस्र. दुसरी तासाभराची, सैलावलेली, तिच्यात तंतुवाद्ये आणि पियानो, आणि बर्लिन फिलहार्मोनिकमधल्या वादकांचा सहभाग. पण जिथे माणूसच नाही तिथे गीतात काय म्हणायचे? इथे स्टाप्सने जी युक्ती केली ती साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. त्याने शब्द आणले ते मोठ्या प्रमाणावर लोत्रेआमोंच्या 'माल्दोरोरची गाणी'मधून, आणि काही शीर्षके बोदलेर व नीत्शे यांच्या दिशेने वळवली.

लोत्रेआमों म्हणजे इझिदोर द्युकास. 1846 मध्ये माँटेव्हिडिओत जन्मलेला आणि 1870 मध्ये, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, पॅरिसमध्ये निधन पावलेला. अतिवास्तववाद्यांनी त्याला पुढे आपला पूर्वज ठरवले. माल्दोरोर मानवजातीचा द्वेष करतो, आणि नमन करतो ते पुराणपुरुष समुद्राला. पहिल्या सर्गातले ते समुद्रस्तोत्र म्हणजे माणसाच्या क्षुद्रतेची उजळणीच आहे. तेव्हा माणसापूर्वीच्या काळाला माणूसद्वेष्ट्याची भाषा देणे ही केवळ सजावट ठरत नाही. भूशास्त्राच्या तटस्थ संज्ञा वर आणि खाली हा धुमसणारा गद्यकाव्याचा लाव्हा, अशी ती संहिता दोन पातळ्यांवर एकाच वेळी चालते. शिवाय लोत्रेआमोंचे वाक्य गर्जून म्हटले की त्याची लांबी, त्याची वळणे पुसली जातात आणि मागे उरतो तो फक्त त्यातला आवेग. माझ्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर मला इथे मिळाले. इथे शब्द श्रोत्यापर्यंत अर्थ पोहोचवण्यासाठी नाहीतच. ते गायकाच्या घशाला आकार देण्यासाठी आहेत. ख्यालात बंदिशीच्या शब्दांचे काय होते हे आपण जाणतोच. 'बलमा' किंवा 'पिया' यांचा अर्थ कोणी शोधत नाही, तरीही ते अक्षर बदलले तर आकार बदलतो.

पुढच्या दोन ध्वनिमुद्रिका, 'हेलिओसेंट्रिक' आणि 'अँथ्रोपोसेंट्रिक', दोन्ही 2010 मधल्या, आणि माझ्या मते वैचारिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाकांक्षी व साहित्यदृष्ट्या सर्वांत कच्च्या. दरम्यान वाद्यवृंदाची घडी बसली होती. लोईक रोसेती हा स्विस गायक आला होता, ढोलवादक ल्यूक हेस आणि गिटारवादक जोनाथन नीदो हेही स्वित्झर्लंडचेच. रोसेतीजवळ गर्जना होती तसा स्वच्छ, उंच आवाजही होता. त्यामुळे शब्द प्रथमच ठळकपणे ऐकू येऊ लागले, आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली. 'हेलिओसेंट्रिक'चा विषय ख्रिस्ती विश्वचित्राचा इतिहास : बायबलमधले आकाशाचे छत, कोपर्निकस, गॅलिलिओ, डार्विन, आणि अखेरीस रिचर्ड डॉकिन्सच्या वळणाचा ईश्वरखंडनाचा युक्तिवाद. 'टॉलेमी वॉज राँग' हे पियानोवरचे गीत सुरेख आहे यात शंका नाही. पण एकूण संहिता वादविवाद स्पर्धेतल्या भाषणासारखी बाजू मांडत जाते. एका गीताचे शीर्षक नीत्शेच्या एका प्रसिद्ध शब्दसंहतीवरून, जल्लादाचे तत्त्वज्ञान अशा अर्थाचे, घेतले आहे. नीत्शेच्या लेखनातला उपरोध मात्र सोबत आलेला नाही.

'अँथ्रोपोसेंट्रिक'मधल्या त्या तीन गीतांबाबतही माझी तक्रार आहे, आणि ती शब्द ऐकू न येण्याची मुळीच नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या प्रकरणाचे बळ इव्हानच्या युक्तिवादात जेवढे आहे, तेवढेच ते त्याच्या चौकटीत आहे. ते 'काव्य' इव्हान आपल्या धाकट्या भावाला, अल्योशाला, खाणावळीत बसून ऐकवतो. धर्माधिकारी पानेच्या पाने बोलतो, कैदी एक शब्द उच्चारत नाही, शेवटी फक्त त्या म्हाताऱ्याच्या ओठांचे चुंबन घेतो. मग अल्योशाही इव्हानचे चुंबन घेतो आणि इव्हान हसून म्हणतो, ही तर वाङ्मयचोरी झाली. बाख्तिनने ज्या बहुस्वरतेविषयी लिहिले तिचा हा अर्क आहे : एका बाजूला अजिंक्य युक्तिवाद, दुसऱ्या बाजूला मौन, आणि लेखक निकाल देत नाही. मेटलमध्ये हे मौन कुठे ठेवणार? स्टाप्सने युक्तिवाद घेतला आणि कैद्याला वगळले. संगीत उत्तम, वाचन एकांगी, असेच म्हणावे लागते.

'पेलाजिअल' (2013) ऐकताना मात्र वाटते की ही अडचण खुद्द रचनाकारालाही जाणवली असावी. हे एकसंध, सुमारे 53 मिनिटांचे संगीत आहे. गीतांची नावे समुद्राच्या खोलीच्या पट्ट्यांची. वरचा 200 मीटरपर्यंतचा सूर्यप्रकाशाचा पट्टा, मग 1000 मीटरपर्यंतचा संधिप्रकाश, मग 4000 पर्यंतचा काळोख, 6000 पर्यंतचा अथांग प्रदेश, त्याखालचे खंदक आणि शेवटी तळ. आरंभी पियानो आणि तंतुवाद्यांचे उजळ तरंग, मग चपळ, खेळकर म्हणाव्यात अशा लयी. जसजसे खाली जावे तसतशी लय मंदावते, गिटारी आणखी खाली उतरतात, पोत जड होतो आणि पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर जाणवू लागतो. विलंबितातून द्रुताकडे जाण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हा उलटा प्रवास फार विलक्षण वाटतो. शिखर नाहीच, जो काही कळस आहे तो तळाशी, जवळजवळ निश्चल. येन्स बोग्रेन या स्वीडिश तंत्रज्ञाने केलेल्या मिश्रणाचा यात मोठा वाटा आहे.

ही रचना प्रथम निव्वळ वाद्यसंगीत म्हणून योजलेली होती. रोसेतीची प्रकृती बिघडली होती, तो गाऊ शकेल की नाही याची खात्री नव्हती. पुढे तो सावरला, गायला, आणि ध्वनिमुद्रिका दोन्ही रूपांत प्रसिद्ध झाली, एक शब्दांसह आणि एक शब्दांविना. साहित्याच्या विद्यार्थ्याला अशी संधी क्वचितच मिळते. तीच संहिता, एकदा शब्द असलेली आणि एकदा काढून घेतलेली!

शब्दांचा स्रोत आहे आंद्रेई तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (1979), जो स्वतः स्त्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवर आधारलेला आहे. निषिद्ध प्रदेशात एक खोली आहे, तिथे पोहोचणाऱ्याची सर्वांत आतली इच्छा पूर्ण होते. तिघे तिथवर येतात आणि उंबरठ्यावर थबकतात. कारण त्यांना एका पूर्वीच्या वाटाड्याची गोष्ट ठाऊक आहे. तो गेला होता मेलेल्या भावाला परत मागायला. घरी आला तर हाती आला पैसा. खोलीने त्याची उच्चारलेली इच्छा न ऐकता खरी इच्छा ऐकली, आणि त्याने गळफास घेतला. समुद्राच्या तळाकडे जाणे आणि स्वतःच्या नेणिवेच्या तळाकडे जाणे, ही सांगड सांगायला सोपी आहे, कदाचित जरा जास्तच सोपी. परंतु इथे रूपक समजावून सांगितले जात नाही. ते लयीतून घडते. शेवटच्या गीताचे उपशीर्षक आहे 'आपल्या इच्छांचा उगम', आणि तिथे रोसेतीचा आवाज इतक्या भाराखाली दबलेला आहे की शब्द ऐकू येत नाहीत. ऐकू आले असते तर काहीतरी चुकले असते. ज्या इच्छेचे नाव घ्यायला आपण धजत नाही ती स्वच्छ उच्चारात कशी येईल? मूक आवृत्ती ऐकून पाहिली. सुरुवातीच्या उजळ भागात शब्दांची उणीव भासली नाही, उलट मोकळे वाटले. तळाशी मात्र तो न कळणारा माणसाचा आवाज नसल्याने संगीत केवळ समुद्राचे वर्णन होऊन गेले. माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग मला इथे सापडला, असे मी त्या विद्यार्थ्याला नंतर सांगितले. त्याने मान डोलावली, पण त्याचे मत विचाराल तर त्याला मूक आवृत्तीच अधिक आवडते.

'पेलाजिअल'नंतर हेस आणि नीदो बाहेर पडले, पॉल सायडेल ढोलावर आला. 'फॅनेरोझोइक' दोन भागांत आले, 2018 आणि 2020 मध्ये. कँब्रियनपासून आजवरचा हा दृश्यजीव महाकल्प. पहिला भाग पुराजीव महाकल्पाचा आणि त्याचा शेवट 'पर्मियन'च्या महासंहारात, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या. त्यामागे नीत्शेची अनंत पुनरावर्तनाची कल्पना आहे : संहार, मग पुन्हा जीवन, मग पुन्हा संहार. इथे नीत्शे वादपटूंचा राहिलेला नाही, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या भागातल्या 'जुरासिक । क्रेटेशियस' या तेरा मिनिटांच्या रचनेत स्वीडनच्या 'कटाटोनिया'चा योनास रेंक्से पाहुणा म्हणून गातो, आणि महाकाय सरपटणाऱ्यांच्या नाहीशा होण्याचा विषय त्याच्या थकलेल्या, सौम्य आवाजात फार निराळा वाटतो. हे ऐकताना मराठी श्रोत्याला एक गोष्ट आठवल्यावाचून राहू नये. त्याच सुमारास, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आपले दख्खनचे लाव्हाथर वाहत होते. त्या संहारात उल्केचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. सह्याद्रीच्या ज्या काळ्या पाषाणात आपण लेणी कोरली, ज्याच्यावरून 'कणखर' आणि 'राकट' ही विशेषणे आपल्या काव्यात आली, तो त्या नाट्यातला एक संशयित आहे.

'होलोसीन' (2023) ही या मालिकेतली शेवटची पायरी, उण्यापुऱ्या 11,700 वर्षांची. वेळ जवळ आल्यावर संगीत मोठे होईल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. पेटर फोइग्टमानच्या सिंथसायझरच्या आराखड्यांवरून रचना वाढवल्या गेल्या, गिटारी उशिरा येतात, ट्रम्पेट-ट्राँबोनसारखी पितळी वाद्ये डोकावतात. गीतांची नावे उत्तर युरोपातल्या दलदलींच्या पीटच्या थरांवरून ठरलेल्या कालखंडांची : प्रीबोरिअल, बोरिअल, अटलांटिक, सबबोरिअल, सबअटलांटिक. विषय मात्र आजचा, देखाव्याच्या समाजाचा आणि कटकारस्थानांच्या कथांवर पोसलेल्या मनांचा. मागच्या ध्वनिमुद्रिकांतला भार ज्यांना प्रिय आहे त्यांना ही ध्वनिमुद्रिका फिकी वाटली. मला तिच्यातले 'अनकन्फॉर्मिटीज' हे गीत वारंवार ऐकावेसे वाटते. कारिन पार्क या गायिकेचा स्वर बराच वेळ जवळजवळ उघड्यावर असतो. शब्द एकूणएक ऐकू येतात. शीर्षकातली संज्ञा भूशास्त्राची आहे : दोन थर एकमेकांना चिकटून असतात, पण त्यांच्यामधला काही लाख किंवा काही कोटी वर्षांचा खडक झिजून गेलेला असतो. वरचा थर खालच्यावर सरळ बसलेला दिसतो आणि गेलेल्या काळाची खूण म्हणून मध्ये फक्त एक रेघ असते.