बर्फाविना नदी

हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात बर्फ तारतो. खानदेशच्या पांझरेला ती शिदोरी कधीच लाभली नाही; सह्याद्रीवरचा पाऊस सरला की पात्र आटू लागते. म्हणूनच धुळे परिसरात ३०० वर्षांहून अधिक काळ फड पद्धत नांदली. बंधाऱ्याचे पाणी पाटकरी वाटी. टंचाईच्या वर्षी एखाद्याचे शेत नव्हे, अख्खा फड कोरडा राही.

लडाखमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी वाटणारा चुरपोन हा पाटकऱ्याचाच भाऊबंद. तेथे हिमनद्या मागे हटत असताना चेवांग नॉर्फेल यांनी १९८७ पासून कृत्रिम हिमनद्या उभारल्या. डोंगर पाणी साठवीनासा झाला की ते समाजाला साठवावे आणि वाटावे लागते. हे शहाणपण हिमालयाला आज हवे आहे. आमच्याकडचे अनेक फड मात्र विसाव्या शतकातच मोडले.