मिलिंद : प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचे कॉलेज

आपल्या मावळातला माणूस कार्ल्याचा डोंगर चढला नाही, असे सहसा होत नाही. कुणी एकविरेच्या यात्रेला जातो, कुणी लेणी पाहायला. पुढच्या खेपेला गेलात तर चैत्यगृहातले खांब जरा निरखून बघा. दान देणाऱ्यांची नावे त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. सिहधय नावाच्या यवनाने एक खांब दिला, असा लेख तिथे आहे. यवन हा शब्द त्या काळी ग्रीकांसाठी होता. परदेशातून आलेल्या लोकांनी आपल्या सह्याद्रीत धम्मासाठी खांब उभे केले, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

अशाच एका यवनाच्या नावाचे कॉलेज बाबासाहेबांनी मराठवाड्यात उभे केले. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त त्या कॉलेजची हकीकत इथे सांगावीशी वाटते.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. पण मुंबईत निदान नोकरी करून शिकण्याची सोय होती. मराठवाड्यात तीही नव्हती. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. ज्याच्या घरी ज्वारीच्या भाकरीची भ्रांत, त्याने हैदराबादचा विचार तरी कसा करावा?

म्हणून १९५० च्या जून महिन्यात औरंगाबादला कॉलेज सुरू झाले. प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आजूबाजूच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले.

ही दोन्ही नावे ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथातली. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट, ही त्याची राजधानी. मोठा वादपटू. त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. भिक्खू नागसेनांनी मात्र त्याला आधीच अट घातली. राजा म्हणून बोलणार असाल तर चर्चा होणार नाही, कारण राजाला उलट बोलले की शिक्षा होते. पंडित म्हणून बोला, म्हणजे हरला तरी राग धरायचा नाही. राजाने ते मान्य केले आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली.

आता गंमत बघा. उत्तरे नागसेनांनी दिली, पण कॉलेजला नाव मिळाले प्रश्न विचारणाऱ्याचे. ज्यांच्या बापजाद्यांना तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, त्यांची मुले तिथे बाकावर बसणार होती. त्यांना ‘विचारा’ असे सांगणारे याहून चांगले नाव कोणते असणार?

नुसते नाव देऊन मात्र भागत नाही. खेड्यातून आलेल्या पोराला शिकवण्याआधी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते. म्हणून नागसेनवनात वसतिगृहांना वर्गाइतकेच महत्त्व राहिले. एका वसतिगृहाचे नावच अजिंठा. आपल्या भाजे लेण्यातही भिक्खूंच्या खोल्यांत झोपायला दगडी ओटे कोरलेले दिसतात. आधी निवारा, मग अभ्यास, ही रीत आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

त्या वसतिगृहांतली मुले नुसती परीक्षा देऊन गेली नाहीत. प्राचार्य चिटणीसांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर केले. पुढे प्राचार्य म. ना. वानखडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यामुळे नागसेनवनात लिहित्या पोरांची पिढी तयार झाली. पानतावणे सरांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे व्यासपीठच ठरले. गावकुसाबाहेरचे जगणे छापील कागदावर आले, त्याचे मोठे श्रेय या परिसराला आहे.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या लढ्यात नागसेनवनातले विद्यार्थी पुढे होते. साडेपंधरा वर्षे गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. एका नावासाठी केवढी किंमत मोजावी लागली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

आपल्या जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण तिकडे ज्या हातांनी कॉलेज उभे केले, तेच हे हात, हे विसरता कामा नये. मावळात आता शाळा आहेत, कॉलेजं आहेत, लोकलने पुण्याला जाता येते. मात्र घरात पोराने उलट प्रश्न केला की आपण अजून म्हणतो, ‘गप बस, मोठ्यांना विचारू नये.’

माय-बापहो, एवढे एक सोडून द्या. पोरगी असो वा पोरगा, विचारू द्या. उत्तर येत नसेल तर ‘चल, दोघं मिळून शोधू’ म्हणा. मिलिंद हे नाव त्याचसाठी ठेवले होते.