छापा, काटा आणि प्रकाश

शहापूर-मुरबाड रस्त्यावर मध्येच कुठेतरी आपण उभे आहोत असे समजू. नाणे उडवायचे, छापा पडला तर शहापूरकडे एक पाऊल, काटा पडला तर मुरबाडकडे. शंभर पावलांनंतर आपण मूळ जागेपासून साधारण दहा पावलांच्या टप्प्यात असतो. दहा म्हणजे शंभराचे वर्गमूळ. १९०५ साली कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मध्ये अशाच भटकंतीचा प्रश्न मांडला. तिला आपण ‘यदृच्छ चाल’ म्हणू.

१९९३ साली आहारोनोव, डाविडोविच आणि झागुरी यांनी पुढचा प्रश्न विचारला: नाणे पुंजभौतिकीचे नियम पाळत असेल तर? मग दोन्ही वाटा एकदम चालल्या जातात आणि प्रत्येक वाटेला धन वा ऋण चिन्ह मिळते. समजा, सुरुवातीला नाणे छाप्यावर आहे आणि काट्यानंतर पुन्हा काटा आला तरच चिन्ह उलटते. आता छापा-काटा-काटा व काटा-छापा-काटा या वाटा पाहा. दोन्ही एकाच जागी, काट्यावरच संपतात. पण चिन्हे विरुद्ध, म्हणून त्या एकमेकींना पुसून टाकतात. शहापूरच्या टोकाकडून मोजल्यास तीन पावलांनंतर साध्या चालीत शक्यता १/८, ३/८, ३/८, १/८; पुंज-चालीत १/८, ५/८, १/८, १/८. पुंज-चालीचा पसारा वर्गमुळाच्या नव्हे, पावलांच्याच प्रमाणात वाढतो.

लाटांचे असे मिटणे प्रकाशाला नवे नाही. १९९९ साली बाउमेस्टर व सहकाऱ्यांनी लेसर प्रकाशावर ‘प्रकाशीय गाल्टन फळी’चा प्रयोग प्रसिद्ध केला. ही पुंज-चालच होती, हे नाइट, रोल्दान व साइप यांनी २००३ मध्ये दाखवले. २०१० साली जर्मनीत झिल्बरहॉर्न यांच्या गटाने प्रकाशाच्या क्षीण स्पंदांना प्रकाशतंतूंच्या वेटोळ्यातून पाच पावले चालवले. तेथे ध्रुवणाची दिशा हे नाणे आणि पोचण्याची वेळ ही जागा.

तर मग यात ‘पुंज’ ते काय? चालणारा एकच असेल, तर नुसत्या लाटाही तोच आलेख देतात. म्हणूनच २०१० साली ब्रिस्टलमध्ये झालेला दोन जुळ्या फोटॉनांचा प्रयोग महत्त्वाचा. त्यांच्या पोचण्यातील परस्परसंबंध साध्या लाटांनी समजावता येत नाही.

प्रयोगशाळा नसली तरी तीन पावलांच्या आठही वाटा वहीत मांडता येतात. नववी-दहावीच्या मुलांकडून त्या जरूर मांडून घ्याव्यात, असे आम्हांला वाटते. ऋण चिन्हाने काय काय घडते, हे त्यांना स्वतःच दिसेल.