जहाज उद्या सुटेल

फोन घरीच ठेवा. तुम्ही निघाला आहात तिथे त्याला ना सिग्नल मिळेल, ना चार्जरला जागा. एक कापडी पिशवी घ्या, तिच्यात दोन सुती सदरे, एक लुंगी, साबणाची वडी आणि पासपोर्ट. बूट नकोत, चपलाच बऱ्या. घेतलंत सगळं? मग चला. साल १९८०, जून महिना, भर दुपार. सुलावेसी बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचं बंदर. सरकारी कागदांवर त्याचं नाव उजुंग पांडांग, पण धक्क्यावरचा हमाल विचाराल तर मकासारच सांगेल.

जहाजाच्या शिडीवरून उतरताना पहिल्यांदा भेटतो तो वास. सुकं खोबरं, सुकी मासळी, डिझेल, आणि या सगळ्यांवर तरंगणारा लवंगेचा धूर. इथले पुरुष सिगारेटीत तंबाखूबरोबर लवंगेचा चुरा भरतात. क्रेतेक म्हणतात तिला. ओढताना ती तडतडते आणि तिचा गोडसर धूर शर्टात, केसांत, उशीत, नोटांत मुरून बसतो. दहा पावलांत सदरा पाठीला चिकटतो. विषुववृत्त इथून जेमतेम ५ अंश उत्तरेला आहे, ऊन डोक्यावर टाकीच्या घावासारखं पडतं. ओरडाआरडा चालू आहे, कुणी तुमची पिशवी ओढतंय, कुणी पेरू विकतंय, आणि प्रत्येक जण एकच विचारतोय, “दारी माना? माउ के माना?” कुठून आलात, कुठे निघालात? चौकशी नव्हे ही, नमस्कार आहे. हसून उत्तर द्या आणि पुढे सरका.

बेचाकमध्ये बसा. आपल्याकडच्या सायकलरिक्षात चालवणारा पुढे असतो, इथे तो मागे आणि तुम्ही पुढे. म्हणजे समोरून येणारा ट्रक आधी तुम्हाला भेटणार. घाबरू नका. मागच्या माणसाला ‘दाएंग’ म्हणा, इथे मानाने हाक मारायची रीत तीच. बंदराच्या रस्त्यावरून तो वळणं घेत जुन्या चिनी वस्तीत शिरतो. समुद्रदेवी माच्वोच्या देवळातून उदबत्तीचा धूर येतो, शेजारी लोखंडी साखळदंड आणि दोरखंड विकणारी दुकानं, त्यांच्यापुढे फुटपाथवर भाजत असलेले मासे. मग एक अरुंद गल्ली, एक निळं फाटक, आणि त्यावर रंगवलेली अक्षरं: लोसमेन.

लोसमेन म्हणजे स्वस्तातलं उतरायचं ठिकाण. मध्ये अंगण, तिन्ही बाजूंना खोल्या, खोल्यांपुढे लांब ओसरी. मालकीणबाईंना ‘इबू’ म्हणायचं. त्या तुमच्यापुढे भली मोठी वही सरकवतात: नाव, वय, व्यवसाय, धर्म, कुठून आलात, कुठे जाणार. ही माहिती पोलीस ठाण्यात जाते, पण तिचा खरा उपयोग वेगळाच. तुम्ही लिहीत असताना ओसरीवरचे चार जण खांद्यावरून वाचतात, आणि पेन खाली ठेवेपर्यंत तुमची ओळख अख्ख्या घराला झालेली असते. ‘कुठे जाणार’च्या रकान्यात लिहा: आंबोन. इबू विचारतात, जहाज कधी? तुम्ही म्हणता, कार्यालयात उद्या सांगितलंय. ओसरीवरचे चौघेही माना डोलावतात. त्यांनाही उद्याच सांगितलेलं आहे.

खोलीत एक खाट, सावरीच्या कापसाची गादी, छताला लोंबणारा मंद दिवा. उशीशेजारी एक लांबट लोड ठेवलेला असतो. तो डोक्याखाली घेऊ नका. तो कवेत घ्यायचा, एक पाय वर टाकायचा. अंगाला अंग चिकटत नाही, मधून वारा खेळतो, घाम लोड शोषून घेतो. उकाड्यातल्या झोपेचा इतका साधा इलाज शोधणाऱ्या माणसाला दुवा द्यावीशी वाटते. भिंती प्लायवूडच्या, आणि वारा फिरावा म्हणून छताच्या वीतभर खालीच थांबलेल्या. वाऱ्याबरोबर शेजाऱ्याचा खोकलाही फिरणार, हे ओघानंच आलं.

आता आंघोळ. अंगणाच्या टोकाला न्हाणीघर आहे, काळोखं, ओल्या सिमेंटच्या वासाचं. कोपऱ्यात फरश्या लावलेला चौकोनी हौद आणि काठावर दांड्याचं प्लॅस्टिकचं टमरेल. युरोपातून आलेली मंडळी हौदातच उतरतात आणि सगळ्या बिऱ्हाडाचं पाणी साबणाचं करून ठेवतात. तुम्ही तसं करणार नाही, आजोळच्या हौदाशी वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. आत डोकावा. पाण्यात दोन बारीक मासे फिरताहेत. डासांच्या अळ्या खायला त्यांना सोडलंय. टमरेल बुडवताना जरा जपून, मासा वर यायला नको. पहिलं पाणी खांद्यावर पडतं आणि श्वास अडकतो, इतकं गार. दुसऱ्याला अंग ओळख देतं. तिसऱ्यापासून थांबवत नाही. दुपारभराचं मीठ, धूळ, डिझेल पायांशी वाहून जातं. दिवसातून दोनदा आंघोळ हा इथला नेम आहे. संध्याकाळी न नाहता ओसरीवर बसलात तर इबू काळजीने विचारतील, बरं नाही का?

अंधार सहाच्या सुमारास एकदम पडतो. वेताच्या खुर्च्या ओसरीवर ओळीनं लागतात आणि झाकण घातलेले कॉफीचे ग्लास येतात. तोराजाच्या डोंगरातली कॉफी, गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायची. घाईनं प्यालात तर तोंडात चुरा येतो. ओसरीवर कोण कोण आहे पाहा. कापडाचे तागे घेऊन निघालेला एक बुगिस व्यापारी. बाउबाउला परत चाललेलं एक बुतोनचं कुटुंब, त्यात तीन मुलं आणि पिंजऱ्यातला एक कोंबडा. तोराजाहून आलेला शिकाऊ शिक्षक, ज्याची बदली कुठल्याशा लहान बेटावर झाली आहे. सगळे जहाजाची वाट पाहताहेत.

तुम्ही भारतातले, हे कळताच ओसरी हलते. “पादुकोण!” बुगिस व्यापारी टाळी वाजवून म्हणतो. मार्चमध्ये प्रकाश पदुकोणनं ऑल इंग्लंड बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात त्यांच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलंय, आणि ते आकडे इथे मुलांनाही पाठ आहेत. राग नाही. उलट तुम्हाला शेंगदाण्याची पुडी मिळते. पण लगेच सांगितलं जातं की आताच जाकार्ताला रुडी हार्तोनो जगज्जेता झाला. आत बैठकीच्या खोलीत दारं असलेल्या लाकडी पेटीत टीव्ही आहे, एकच वाहिनी, काळी-पांढरी. रात्रीच्या बातम्यांना शेजारपाजारची मुलंही येऊन जमिनीवर बसतात. बातम्या संपल्या की पेटीची दारं बंद आणि कुणाचा तरी कॅसेट प्लेयर सुरू. दांगदुत लागतं, रोमा इरामाचा आवाज, आणि त्याखाली तबल्यासारखा ठेका. तुमचा पाय आपोआप हलतो. हिंदी सिनेमाची गाणी इथल्या बंदरांत कधीच उतरली आणि राहिली. बुतोनच्या कुटुंबातली आजी तुमच्याकडे बोट दाखवून नातवंडांना काहीतरी सांगते आणि सगळी खुदकन हसतात. आता एक गाणं म्हटल्याशिवाय सुटका नाही. म्हणा. सूर गेला तरी चालेल.

रात्री झोप तुकड्यातुकड्यांनी येते. हिरव्या अगरबत्तीच्या वेटोळ्यातून डासांसाठीचा धूर निघतो. छतावर पाल चुकचुकते. भिंतीपलीकडे बाळ रडतं, आई गुणगुणते, आणि तिच्या गुणगुणण्यानं अलीकडे तुम्हालाही झोप लागते. पहाटे अजान होते. एका मशिदीची संपायच्या आत दुसरीची, मग तिसरीची. पिंजऱ्यातला कोंबडा त्यात आपलीही भर घालतो.

सकाळी जहाजाच्या कार्यालयात जा. खिडकीमागचा माणूस नम्रपणे सांगतो, “बेसोक.” उद्या. पहिल्या दिवशी चिडचिड होईल. कारण विचाराल, तर तो कारणही सांगेल: जहाज अजून सुराबायाहून आलेलं नाही, आलं की माल उतरेल, मग भरेल, मग सुटेल. यात खोटं काहीच नाही. बेटांच्या या देशात रस्ता पाण्याचा आहे, आणि पाण्यावर वारा, माल आणि इंजिन या तिघांचं एकमत झाल्याशिवाय कुणी हलत नाही. तुमच्या घड्याळाला त्यात मत नाही.

तेव्हा पाओतेरेला चला. शहराच्या उत्तर टोकाला पिनिसी बोटींचं बंदर आहे. धक्क्याला नाकं लावून त्या ओळीनं उभ्या असतात, दोन डोलकाठ्या, पुढे आलेला लांब सोंडेसारखा खांब. दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांत सुतार त्या बांधतात, कागदावर आराखडा न काढता. आधी फळ्यांना फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून कवच उभं करायचं, आतल्या फासळ्या नंतर बसवायच्या. बोट आणि धक्का यांच्यामध्ये एकच फळी टाकलेली आहे, तळव्याएवढी रुंद. तांदळाचं पोतं मानेवर घेतलेला हमाल तिच्यावरून जातो. फळी वाकते, तो तिच्या लयीत पाऊल टाकतो, ती वर येते तेव्हा उचलतो. जाताना एक, येताना दुसरा, आणि मध्ये कुणाचीच गाठ पडत नाही. तुम्हीही चढून पाहा, पोतं न घेता. अर्ध्यावर फळी नाचायला लागली की गुडघे तुमचे राहत नाहीत. वरून एक खलाशी हात देतो, दुसरा हसतो, आणि डेकवर पोचताच तुमच्यापुढे भात, भाजलेला मासा आणि कैरीचा तिखट किस येतो. खाऊनच खाली उतरा. नाही म्हणणं इथे बसत नाही.

संध्याकाळी लोसारीच्या बांधावर अख्खं शहर येतं. समुद्राच्या कडेनं गाड्यांची ओळ लागते, ती संपतच नाही. एका गाडीशी थांबा आणि पिसांग एपे मागा. बाई अर्धकच्ची केळी निखाऱ्यावर ठेवते, साल काढलेली, गोरीपान. ती हळूहळू डागाळतात. मग ती केळं दोन फळकुटांमध्ये ठेवते आणि तळहातानं दाबते. केळं चपटं होतं, कडा फाटतात. पुन्हा निखाऱ्यावर. शेवटी वरून ताडगुळाचा पाक, दाट, धुराच्या वासाचा. पाक बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतो. समोर सूर्य पाण्यात जातो, मुलं पतंग उतरवतात, आणि मागे बेचाकच्या घंट्या किणकिणत राहतात.

दिवस असे जातात आणि त्यांची नावं पुसली जातात. कधी ते लक्षात येत नाही, पण तुम्ही पाहुणे उरत नाही. सकाळी हौद भरायला पंप मारता. शिकाऊ शिक्षकाला इंग्रजी वाक्यं दुरुस्त करून देता. उन्हानं डोकं धरलं तर बुतोनची आजी तावोन तेलाची बाटली काढते आणि तुमच्या कपाळाला, मानेला, पाठीला ते चोळते, ओरडत, हक्कानं. त्या तेलाचा झणझणीत वास रात्रभर जात नाही आणि डोकं मात्र उतरतं. जाड भिंतींच्या, कुलूपबंद खोल्यांच्या हॉटेलात हे मिळालं नसतं. तिथे तुमची रात्र तुमची एकट्याची असती. इथे भिंत वीतभर कमी आहे, म्हणून माणसं एकमेकांपर्यंत पोचतात. स्वस्त खोली घेतलीत म्हणून शहर मिळालं, आणि ते उशीर करणाऱ्या जहाजाचे उपकार आहेत.

मग एका दुपारी भोंगा वाजतो. ओसरीवर एकच धावपळ. तागे बांधले जातात, कोंबडा पिंजऱ्यात ओरडतो, इबू हिशेब करतात आणि पैसे मोजून घेतल्यावर केळीच्या पानात बांधलेला भात हातात कोंबतात, त्याचे पैसे नाहीत. बेचाकांची वरात धक्क्यावर जाते. शिडीवर रेटारेटी आहे, पाठीवर पोती, डोक्यावर ट्रंका, कुणाच्या तरी कोपराचा धक्का बरगडीत. तुमचं तिकीट डेकचं आहे, म्हणजे जिथे अंग टाकाल ती जागा तुमची. तुम्ही तावदानाशेजारी सावली पाहता आणि केवड्याच्या पातीची चटई पसरता. बुतोनच्या कुटुंबासाठी शेजारी पिशव्या टाकून जागा धरता.

नांगर उठतो, आणि तेव्हाच शिडीवरून अजून एक बाई धापा टाकत चढते, काखेत मूल, हातात बोचकं. डेकवर इंचभरही जागा नाही. ती इकडेतिकडे पाहते. तुम्ही पाय पोटाशी घेता, चटईची कड मोकळी करता आणि हाताने जागा दाखवता. ती बसते, पदरानं मुलाचा घाम पुसते. तिचा श्वास जागेवर आला की तुम्हीच विचारता: दारी माना? माउ के माना?